साठ टक्के

२१ मे २०२४ च्या रात्री आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचं, म्हणजे आमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचं, बजेट पडलं. ‘हो’ म्हणणारे जास्त होते, ‘नाही’ म्हणणारे कमी होते, आणि तरी पडलं. हायस्कूलच्या जिममध्ये डिस्ट्रिक्ट क्लार्कने आकडे वाचले, तेव्हा माझ्या शेजारच्या बाई टाळ्या वाजवायला लागल्या होत्या. त्यांनी कुठला आकडा मोठा एवढंच ऐकलं होतं. आपल्याला साठ टक्के हवे होते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं तेव्हा त्या थांबल्या.

मी त्या वर्षी जानेवारीपासून जूनपर्यंत ही सगळी प्रक्रिया जवळून पाहिली, तिच्यात हातही घातला. आता हडसन नदीच्या या खोऱ्यात नवी मराठी कुटुंबं राहायला येतात आणि शाळेच्या बजेटबद्दल, शाळांचा कारभार पाहणाऱ्या बोर्डाच्या निवडणुकीबद्दल विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

न्यूयॉर्क राज्यात जवळपास सातशे स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. त्यातल्या पाच मोठ्या शहरांत, म्हणजे न्यूयॉर्क सिटी, बफेलो, रॉचेस्टर, सिरॅक्यूज आणि याँकर्समध्ये, शाळांचा पैसा शहराच्या बजेटमधून जातो. तिथे लोक त्यावर मत देत नाहीत. बाकी जवळजवळ सगळीकडे मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी मतदान होतं. पुढच्या शालेय वर्षाचा, १ जुलै ते ३० जूनचा, सगळा खर्च एका वाक्यात मतपत्रिकेवर असतो आणि त्यापुढे ‘हो’ आणि ‘नाही’. त्याच कागदावर शाळेच्या बोर्डाचे सदस्य निवडायचे असतात. आम्ही आधी बरीच वर्षं न्यूयॉर्क सिटीतल्या क्वीन्समध्ये होतो, त्यामुळे मला याची कल्पनाच नव्हती. माझे वडील सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. शाळेच्या पैशाबद्दल घरात ऐकलेली वाक्यं म्हणजे ‘अनुदान आलं नाही’ आणि ‘वरून आदेश आला’. आता शिक्षण हक्क कायद्यामुळे तिकडे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यातही निम्म्या बायका, आणि ती मोठीच गोष्ट आहे. पण शाळेवर किती खर्च करायचा आणि त्यासाठी आपणच किती कर भरायचा, हे गावाने मत देऊन ठरवायचं, असं मी इथे येईपर्यंत पाहिलं नव्हतं. मला ते फार थोर वाटलं. अजूनही वाटतं.

मतदान कशावर होतं हे समजायला घरावरच्या करांची बिलं समोर ठेवावीत. आमच्याकडे टाउन आणि काउंटीचं, म्हणजे गाव आणि जिल्ह्याच्या प्रशासनाचं, बिल जानेवारीत येतं आणि शाळेचं वेगळं, सप्टेंबरात. शाळेचं बिल दोघांत मोठं. डिस्ट्रिक्टच्या एकूण खर्चातून राज्याची मदत आणि इतर किरकोळ उत्पन्न वजा केलं की जे उरतं ते घरमालकांकडून गोळा करायचं. या एकूण रकमेला इथे सगळे लेव्ही म्हणतात. बजेट वाढलं म्हणजे लेव्ही तेवढीच वाढते असं नाही. राज्याची मदत जास्त आली तर खर्च वाढूनही लेव्ही जागच्या जागी राहते, आणि मदत घटली तर खर्च न वाढताही लेव्ही चढते.

२०२४ च्या जानेवारीत नेमकं हेच आलं. गव्हर्नर होकुल यांनी मांडलेल्या राज्याच्या बजेटमध्ये फाउंडेशन एड नावाच्या मुख्य मदतीला धक्का होता. कुठल्याही डिस्ट्रिक्टला गेल्या वर्षीपेक्षा कमी मिळणार नाही हा जुना नियम त्यांना काढायचा होता, आणि त्यामुळे राज्यातल्या निम्म्याच्या आसपास डिस्ट्रिक्टांची मदत कमी होणार होती. आमचं डिस्ट्रिक्टही त्यात होतं. दुसरीकडे कोविडच्या काळात केंद्राकडून आलेला पैसा त्याच सप्टेंबरअखेर संपत होता. त्या पैशातून डिस्ट्रिक्टने वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी शिक्षक नेमले होते, समुपदेशक नेमले होते. पैसा जाणार होता, मुलं तिथेच होती.

मी बोर्डाच्या बजेट बैठकांना जायला लागले ती माझ्या मुलीच्या व्हायोलिनमुळे. आमच्याकडे चौथीपासून शाळेत तंतुवाद्यं शिकवायचे, वाद्यही शाळा द्यायची. हे चौथीऐवजी सहावीपासून करण्याचा विचार आहे असं कानावर आलं. माझी मुलगी तेव्हा पाचवीत होती, तिला फरक पडणार नव्हता. पण तिच्या वर्गातल्या काही मुलांच्या घरी वाद्य भाड्याने आणायचीही ऐपत नव्हती आणि ती मुलं तिच्याशेजारी बसून तेवढंच सुंदर वाजवत होती. त्यांच्यामागून येणाऱ्यांचं काय, हे मला विचारायचं होतं.

बैठका संध्याकाळी, हायस्कूलच्या लायब्ररीत. श्रोते मोजके. कायद्याने बजेटचे तीन भाग करून दाखवावे लागतात: प्रशासन, शिक्षणाचे कार्यक्रम आणि इमारती-कर्ज वगैरे. सगळ्यात मोठा भाग अर्थातच कार्यक्रमांचा, आणि त्यात पगार. मग कर्मचाऱ्यांचा आरोग्य विमा, शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीत भरायची रक्कम, बस, विशेष शिक्षण. यातल्या बहुतेक गोष्टी बोर्डाच्या हातात नसतात. पगारवाढ करारात आधीच ठरलेली. करार संपला आणि नवा झाला नाही तरी १९८२ पासूनच्या राज्याच्या कायद्याप्रमाणे जुन्याच अटी चालू राहतात, दरवर्षीच्या पगारवाढीच्या पायऱ्यांसह. विम्याचा हप्ता विमा योजना ठरवते. बोर्ड खऱ्या अर्थाने ज्यावर ‘कमी-जास्त’ करू शकतं तो भाग फार छोटा, आणि आपल्याला ज्यांच्याबद्दल जीव तुटतो त्या गोष्टी, वाद्यं, लायब्ररी, शाळा सुटल्यावर थांबणाऱ्या मुलांसाठीची उशिराची बस, छोट्या वर्गांच्या तुकड्या, नेमक्या तिथेच असतात. हे मला त्या बैठकांत बसूनच कळलं.

मग टॅक्स कॅप, म्हणजे करवाढीवरची मर्यादा. २०११ साली राज्याने कायदा केला की लेव्ही दोन टक्के किंवा महागाईचा दर, यांत जे कमी असेल तेवढीच वाढवता येईल. २०१९ मध्ये तो कायमचा केला. लोकांच्या तोंडी ‘दोन टक्के’ एवढंच बसलं आहे, पण प्रत्यक्षात ते एक लांबलचक सूत्र आहे. गावात नवी बांधकामं झाली तर थोडी सूट, इमारतींच्या कर्जफेडीला सूट, निवृत्तिवेतनाचा बोजा एकदम वाढला तर सूट. म्हणून प्रत्येक डिस्ट्रिक्टची मर्यादा वेगळी येते. मर्यादेच्या आत राहिलं तर साधं बहुमत पुरतं. मर्यादा ओलांडायची तर साठ टक्के मतं लागतात, आणि मतपत्रिकेवर तसं स्पष्ट लिहावं लागतं.

आमच्या बोर्डाने मर्यादा ओलांडायचं ठरवलं. राज्याचं बजेट १ एप्रिलला व्हायला हवं, ते त्या वर्षी २० एप्रिलला झालं. विधिमंडळाने गव्हर्नरांचा प्रस्ताव हाणून पाडला, मदत कमी न करण्याचा नियम टिकला. आम्हाला हायसं वाटलं. पण केंद्राच्या पैशाचं भगदाड उरलंच होतं, आणि डिस्ट्रिक्टला आपलं बजेट एप्रिल संपायच्या आत पक्कं करून राज्याकडे पाठवायचं होतं. बोर्डाचं मतदान एकमताने झालं नाही. विरोधात गेलेल्या सदस्यांनी तिथेच सांगितलं होतं की लोक साठ टक्के देणार नाहीत.

याच सुमारास माझी एक मैत्रीण बोर्डाच्या निवडणुकीला उभी राहिली. तीही मराठी, आमच्याच रस्त्यावर राहणारी. न्यूयॉर्कमध्ये हे पद बहुतेक ठिकाणी बिनपगारी असतं आणि मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. नावांचा क्रमसुद्धा चिठ्ठ्या टाकून ठरतो. उमेदवार नागरिक हवा आणि किमान वर्षभर त्या डिस्ट्रिक्टचा रहिवासी हवा. अर्जावर किमान पंचवीस मतदारांच्या सह्या किंवा मागच्या निवडणुकीत आलेल्या मतदारांच्या दोन टक्के, यातला मोठा आकडा लागतो. आमच्याकडे दोन टक्क्यांचा आकडा मोठा होता, म्हणून आम्ही दारोदार फिरलो.

सह्या गोळा करताना एक गोष्ट मनाला फार लागली. आमच्या ओळखीची निम्मी घरं एच-वन बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर. घर स्वतःचं, स्कूल टॅक्स दर सप्टेंबरात भरतात, मुलं त्याच शाळेत, आणि सही मात्र चालत नाही, मतही नाही. माझ्या नवऱ्याने भारताचा पासपोर्ट ठेवला आहे, तोही त्यातलाच. न्यूयॉर्क शहरात १९६९ पासून २००२ पर्यंत स्थानिक शाळा मंडळांच्या निवडणुकीत नागरिक नसलेल्या पालकांनाही मत होतं; ती मंडळं बंद झाली आणि तो हक्कही गेला. इकडे तो कधी नव्हताच. भारतीयांच्या रांगेत ग्रीन कार्डाला किती वर्षं लागतात हे आपण जाणतो. तेवढ्यात मूल बालवाडीतून कॉलेजात जातं. ज्याचं मूल त्या वर्गात बसलं आहे आणि जो त्या वर्गाचा पैसा भरतो आहे त्याला शाळेच्या बाबतीत तरी मत असावं, असं माझं ठाम मत आहे. सही नाकारावी लागलेल्या एका दारात एक वहिनी म्हणाल्या, “सही चालत नसेल तर पत्रकं द्या माझ्याकडे, मी वाटते.” त्यांनी खरंच सगळी गल्ली पालथी घातली.

बजेटच्या प्रचारासाठी मी पी.टी.ए.बरोबर, म्हणजे पालक-शिक्षक संघटनेबरोबर, होते. इथे नियम काटेकोर आहेत. डिस्ट्रिक्ट सरकारी पैशाने माहिती देऊ शकतं, पण ‘हो’ म्हणा असं सांगू शकत नाही. १९८६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आहे. प्रिन्सिपॉल बाईंना मी विचारलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, “मतदानाला या, मी यापुढे काही बोलू शकत नाही.” पी.टी.ए. स्वतःच्या पैशाने बजेटला पाठिंबा देऊ शकते, पण कुठल्याही उमेदवाराला नाही. म्हणून मैत्रिणीचं काम वेगळ्या दिवशी, वेगळ्या कागदांनिशी करायचं, हे आम्ही पहिल्यापासून पाळलं.

मतदानाच्या आधी प्रत्येक घरी बजेटची सूचना पोस्टाने येते. तिच्यात यंदाचं बजेट, पुढचं बजेट, आणि पडलं तर लागू होणारं बजेट अशी तुलना असते, आणि एक लाख डॉलर किमतीच्या काल्पनिक घराला किती फरक पडेल ते दिलेलं असतं. आमच्याकडे त्या किमतीत आता गॅरेजही मिळत नाही, त्यामुळे जो तो आपल्या घराचा गुणाकार करायला बसतो.

हा गुणाकार घेऊनच आमच्या ओळखीतल्या एका काकांनी मला बोलावलं. काका १९७० च्या दशकात इंजिनियर म्हणून इकडे आले, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. काकू आमच्या रविवारच्या मराठी शाळेत बालगटाला शिकवतात.

“अगं, पेपरात लिहिलंय लेव्ही सहा टक्क्यांनी वाढणार. गेल्या वर्षी तीन म्हणाले होते, माझं बिल आठांनी वाढलं. हे कसं?”

“काका, आपलं डिस्ट्रिक्ट तीन टाउनमध्ये पसरलंय ना, म्हणून.”

मी कागद काढून बसले. प्रत्येक टाउनचा असेसर घरांच्या किमती आपापल्या पद्धतीने लावतो, कुणी दरवर्षी, कुणी वीस वर्षांत हात लावलेला नाही. तिन्ही टाउनमध्ये शाळेचा कर न्याय्य वाटला जावा म्हणून राज्य एक समतोल दर ठरवतं. कोविडनंतर शहरातून लोक इकडे आले, आमच्या टाउनमधल्या घरांचे भाव बाकी दोन टाउनपेक्षा जास्त चढले, म्हणून एकूण लेव्हीतला आमचा वाटा वाढला. शाळेने तीनच टक्के जास्त मागितले, पण त्यातला मोठा भाग आमच्या बाजूला आला. काकांनी चष्मा काढून दोनदा ते आकडे पाहिले.

“बरं. आणि हा राखीव पैसा आहे तो का नाही वापरत?”

हा प्रश्न बैठकांतही दर वेळी यायचा. मोकळी शिल्लक पुढच्या बजेटच्या चार टक्क्यांपेक्षा जास्त ठेवायला कायद्याने बंदी आहे. बाकीचे राखीव निधी ठरावीक कामांसाठीच बांधलेले. आणि एकदाच मिळणाऱ्या पैशातून पगार दिले तर पुढच्या वर्षी तेच भगदाड पुन्हा, केंद्राच्या पैशाचं झालं तसं. काकांना हे पटलं. तरी ते म्हणाले, “माझी दोन्ही पोरं याच शाळेत शिकली, तेव्हा दुसऱ्यांनी माझ्यासाठी भरलं, हे मी विसरलो नाही. पण माझी मिळकत ठरलेली आहे. एन्हान्स्ड स्टारची सवलत धरूनसुद्धा मला सहा टक्के जड जातात. या वेळी मी नाही म्हणणार.” पासष्टच्या पुढच्या घरमालकांना उत्पन्नाच्या अटीवर मिळणारी ती सवलत आहे. मी वाद घातला नाही. शाळेशी त्यांचं काही वैर नव्हतं, त्यांचा हिशोब खरा होता.

मतदानाच्या दिवशी मी सकाळीच मत देऊन आले. काउंटीच्या मतदारयादीत नाव असलं की आमच्याकडे पुरतं. अठरा वर्षं पूर्ण, नागरिकत्व आणि डिस्ट्रिक्टमध्ये तीस दिवसांचं वास्तव्य एवढ्याच अटी. त्या वर्षीपासून कारण न देता पोस्टाने लवकर मत देण्याची सोयही शाळेच्या निवडणुकीला लागू झाली होती, पण ती बहुतेकांना माहीतच नव्हती. मतपत्रिकेवर पहिलं बजेट, मग राखीव निधीतून बस घेण्याचा ठराव, मग बोर्डाच्या तीन जागा. बसचा ठराव दरवर्षीच असतो, पण आता त्यात विजेच्या बसचा विषय शिरला आहे, कारण २०२७ पासून नव्या बस धूर न सोडणाऱ्याच घ्याव्यात आणि २०३५ पर्यंत सगळ्या तशा असाव्यात असा राज्याचा कायदा आहे.

नंतर संध्याकाळपर्यंत आम्ही दारापासून शंभर फुटांच्या बाहेर फलक घेऊन उभ्या होतो. कामावरून येणारे लोक गाडी थांबवून विचारायचे, “आज कसलं मतदान?” नोव्हेंबरात ज्या गावात फाटकाफाटकावर पाट्या लागतात तिथे मे महिन्यात ही परिस्थिती. २०२० साली कोविडमुळे मतदान जूनमध्ये ढकलून सगळ्यांना मतपत्रिका घरी पोस्टाने पाठवल्या होत्या, तेव्हा राज्यभर मतदान खूप वाढलं होतं. पुढच्या वर्षी ती पद्धत बंद झाली आणि लोक पुन्हा आले नाहीत. मला वाटतं, घरी मतपत्रिका पाठवणं कायम ठेवायला हवं होतं.

निकाल सुरुवातीलाच सांगितला. बसचा ठराव साध्या बहुमताने पास झाला. माझी मैत्रीण तिसऱ्या जागेवर निवडून आली. तीन जागा, सगळ्यांत जास्त मतं मिळवणारे तिघे, अशी आमच्याकडची पद्धत आहे. बजेट पन्नासच्या बरंच पुढे, साठच्या अलीकडे राहिलं. आम्ही दोघी पार्किंगमध्ये उभ्या राहिलो, तिचं अभिनंदन करायचं की बजेटचं दुःख, तेच कळेना.

पुढचे आठवडे सगळ्यात जड होते. बजेट पडलं की बोर्डापुढे तीन वाटा असतात. तेच बजेट जूनच्या तिसऱ्या मंगळवारी पुन्हा मांडायचं, बदलून मांडायचं, किंवा मतदान न घेता थेट कंटिन्जन्सी बजेट, म्हणजे बजेट पडल्यावर लागू होणारं काटकसरीचं बजेट, लावायचं. दुसऱ्यांदाही पडलं तर कंटिन्जन्सी सक्तीचं होतं. त्यात लेव्ही गेल्या वर्षीपेक्षा एक डॉलरनेही वाढवता येत नाही, आणि पगार-विमा तर वाढतातच. सुरक्षिततेला आवश्यक नसलेली नवी उपकरणं घेता येत नाहीत. बाहेरच्या संस्थांना शाळेची इमारत फुकट वापरू देता येत नाही.

हे शेवटचं कलम ऐकून मराठी शाळेतल्या आम्ही सगळ्या गप्प झालो. आमचे रविवारचे वर्ग मिडल स्कूलच्या खोल्यांत भरतात आणि डिस्ट्रिक्ट आमच्याकडून भाडं घेत नाही. शाळेची देखभाल करणाऱ्या कस्टोडियनच्या रविवारच्या ओव्हरटाइमचा खर्च आमच्यावर आला असता तर फी वाढवावी लागली असती, आणि दोन-तीन भावंडं पाठवणाऱ्या घरांनी पहिली गळती लावली असती. अशीच पाळी स्काउट, लहान मुलांचं बास्केटबॉल, ज्येष्ठांचा नृत्यवर्ग यांच्यावरही. बजेटबद्दल एरवी न बोलणारी मंडळी त्या दिवशी बोलायला लागली.

बोर्डाची बैठक लायब्ररीत मावेना म्हणून सभागृहात घेतली. नवे सदस्य १ जुलैला पद घेतात, म्हणून हा निर्णय जुन्याच बोर्डाचा होता. माझी मैत्रीण श्रोत्यांत माझ्याशेजारी. बोलायला नागरिकत्व लागत नाही, डिस्ट्रिक्टमध्ये राहणारा कुणीही बोलू शकतो. मी तंतुवाद्यांबद्दल बोलले. एका वडिलांनी सांगितलं की उशिराची बस बंद झाली तर त्यांच्या मुलाला गणिताच्या जादा तासाला थांबता येणार नाही, कारण घरात एकच गाडी आहे. शेतीवाडी असलेल्या एका आजोबांनी जमिनीवरचा कर वाचून दाखवला. कुणी कुणाला बोलू दिलं नाही असं झालं नाही. त्या रात्री जे ऐकलं त्याने दोन्ही बाजूंबद्दल माझा आदर वाढला.

बोर्डाने बजेट कापून मर्यादेच्या आत आणलं, म्हणजे आता साधं बहुमत पुरणार होतं. काय गेलं? तंतुवाद्यं सहावीवर ढकलली. प्राथमिक शाळांना मिळून एकच लायब्रेरियन ठेवला. वाचनासाठी नेमलेल्या शिक्षकांतले काही गेले, दुसरीची एक तुकडी गेली. उशिराची बस आठवड्यातून कमी दिवसांवर आली, पण वाचली.

१८ जूनला पुन्हा मतदान झालं आणि या वेळी बजेट आरामात पास झालं. मतदानही मे महिन्यापेक्षा जास्त होतं. काकांची गाडी दिसली म्हणून मी हात केला. काच खाली करून ते म्हणाले, “कॅपच्या आत आलात ना, आता माझी हरकत नाही. हो म्हणून आलो.” काकू मागून म्हणाल्या, “मी मे महिन्यातही हो म्हणाले होते हं!”

साठ टक्क्यांच्या नियमाबद्दल मला विचाराल तर तो चुकीचा आहे असंच मी म्हणेन. मे महिन्यात या गावातल्या बहुसंख्य मतदारांनी मुलांसाठी जास्त कर भरायची तयारी दाखवली होती, आणि चाळीस टक्क्यांहून थोड्या जास्त लोकांनी ती रद्द केली. आमदार-खासदार निवडायला साठ टक्के लागत नाहीत. काकांसारख्यांचा भार हलका करायचा असेल तर त्यांच्या उत्पन्नाकडे पाहून सवलत वाढवावी, राज्याने मदतीचं सूत्र सुधारावं. दुसरीतली तुकडी कापून तो भार हलका होत नाही. मर्यादेमुळे बोर्डाला प्रत्येक डॉलरचं कारण द्यावं लागतं, हे मला मान्य आहे, आणि ती शिस्त साध्या बहुमतानेही राहते. दरवर्षी लोकांपुढे जायचंच असतं.

जुलैत मैत्रिणीने शपथ घेतली. पहिल्याच हिवाळ्यात तिने आग्रह धरून बजेटच्या बैठका लवकर सुरू करायला लावल्या, आणि प्रत्येक टाउनच्या घरमालकाला समतोल दरामुळे किती फरक पडतो याचं वेगळं पान सूचनेत घालायला लावलं. मी पालकांच्या बजेट समितीत नाव दिलं. २०२५ मध्ये राज्याचं बजेट मे महिन्यात जाऊन पास झालं, आमच्या मतदानाच्या जेमतेम दोन आठवडे आधी, त्यामुळे मदतीचा पक्का आकडा कळायच्या आतच डिस्ट्रिक्टला आपलं बजेट ठरवावं लागलं. या वेळी बोर्ड मर्यादेच्या आत राहिलं.

मे महिन्यातल्या जाहीर सुनावणीला माझा नवरा बोलायला उठला. त्याने तंतुवाद्यं चौथीपासून पुन्हा सुरू करायला किती शिक्षक लागतील, एवढाच प्रश्न विचारला. डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांनी, म्हणजे सुपरिंटेंडंटनी, सांगितलं, एक पूर्ण वेळ आणि एक अर्धवेळ. अर्धवेळची जागा या बजेटमध्ये धरली आहे, म्हणजे दोन शाळांत पाचवीपासून सुरू होईल, चौथीचं पुढच्या वर्षी बघू. २० मे रोजी ते बजेट पास झालं, आणि सप्टेंबरात त्या दोन शाळांत वाद्यं वाटली गेली. चौथीची मागणी समितीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आहे.